भानु अथैया आणि वेशभूषेची कला

चित्रपट पाहून घरीं आल्यावर आपण नटाच्या कामाची वाखाणणी करतों, गाणीं गुणगुणतों, फार तर दिग्दर्शकाचें नांव घेतों. पात्रांच्या अंगावरील वस्त्रें कोणी योजिलीं, हा प्रश्न क्वचितच मनांत येतो. वास्तविक पात्रानें तोंड उघडण्यापूर्वींच त्याचें वय, त्याचा काळ, त्याची सांपत्तिक स्थिति हीं सर्व त्याचें वस्त्र सांगून टाकीत असतें. ही मूक भाषा ज्यांना उत्तम अवगत होती, त्यांत भानु अथैया यांची गणना होते.

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजीं कोल्हापुरांत झाला. वडील अण्णासाहेब हे चित्रकार होते. ते लौकर निवर्तले. परंतु रंगरेषांचें वेड मुलीच्या ठिकाणीं कायम राहिलें. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें आणि १९५३ सालीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. चित्रकर्ती म्हणून नांव मिळविण्याची वाट त्यांच्यापुढें मोकळी होती. तथापि ‘ईव्ह्ज वीकली’ या नियतकालिकासाठीं वेषांचीं चित्रें काढतां काढतां त्या प्रत्यक्ष पोषाख योजूं लागल्या, आणि ‘सी. आय. डी.’ (१९५६) पासून चित्रपटसृष्टींत स्थिरावल्या. कुंचला सोडून शिंप्याच्या मेजाकडे वळणें हें पुष्कळांस खालीं उतरणें वाटलें असतें. भानुबाईंनीं मात्र चित्रकाराची दृष्टि बरोबर नेली.

त्यांच्या कामाची रीत दोन उदाहरणांवरून ध्यानांत येईल. ‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटासाठीं त्यांनीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. उलट ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधील मुमताजच्या नृत्यासाठीं त्यांनीं साडी आधींच शिवून घेतली. त्यामुळें पाय मोकळे राहिले आणि निऱ्या सुटण्याची भीति उरली नाहीं. एकीकडे इतिहासाचा अभ्यास, दुसरीकडे शरीराच्या हालचालीचा विचार. या दोहोंवांचून वेशभूषा साधत नाहीं.

खरी कसोटी रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटांत लागली. दक्षिण आफ्रिकेंतील सुटाबुटांतले बॅरिस्टर १९२१ सालीं मदुरेस पंचा नेसतात. येथें वस्त्रांतील पालट हाच विचारांतील पालट आहे. तो चुकला तर कथाच चुकते. शिवाय हजारोंच्या जमावांतील पागोटीं, टोप्या, धोतरें आणि लुगडीं त्या त्या प्रांतास व काळास धरून हवींत. या कामगिरीबद्दल जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांस ११ एप्रिल १९८३ रोजीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. पुढें ‘लेकिन’ (१९९०) आणि ‘लगान’ (२००१) या चित्रपटांसाठीं त्यांस राष्ट्रीय पुरस्कारही लाभले.

परंतु या कीर्तीस एक खेदाची किनार आहे. आपल्या पश्चात् तें मानचिन्ह येथें सुरक्षित राहील, असा भरंवसा त्यांस वाटेना. रवींद्रनाथांचें नोबेल पदक २००४ सालीं शांतिनिकेतनांतून चोरीस गेलें होतें. अखेर २०१२ सालीं भानुबाईंनीं तें अमेरिकेंतील अकादमीच्या स्वाधीन केलें. १५ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

मानचिन्ह परदेशीं गेलें, तरी शंभरांहून अधिक चित्रपटांतील त्यांचें काम येथेंच आहे. तें जाणत्या नजरेनें पाहणें आणि पडद्यामागील असे कारागीर हयात असतांनाच त्यांची योग्य बूज राखणें, एवढें तरी रसिकांच्या हातीं खास आहे.