जुना कार्बोरेटर घेताना

फवारणी यंत्राच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी दुरुस्त केलेला जुना कार्बोरेटर स्वस्त मिळतो. तो धुऊन चकचकीत केलेला असतो. नवे गास्केट व पडदाही घातलेला असतो. खरा दोष बहुधा थ्रॉटलच्या दांडीशी दडलेला असतो. दांडीचे भोक झिजले की तेथून जादा हवा शिरते व मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटते. अशा इंजिनाचे वंगण पेट्रोलमधूनच येत असल्याने तेही अपुरे पडते. दट्ट्या तापून सिलिंडरमध्ये अडकतो. मग कार्बोरेटरात वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च इंजिनावर येतो. म्हणून दांडी चिमटीत धरून आडवी हलवून पाहावी. डुगडुगत असल्यास तो कार्बोरेटर घेऊ नये. भोकात पितळी बुश बसवून ही झीज दूर करता येते, पण तेवढे कष्ट थोडेच कारागीर घेतात. जेट तारेने साफ केला होता काय, हेही विचारावे. तारेने त्याचे छिद्र मोठे होते.