व्यायाम आणि श्रवणशक्ती

व्यायामाचा विषय निघाला की छाती, दंड आणि मांड्या यांचीच चर्चा होते. कानाचे नाव सहसा कोणी घेत नाही. घेतलेच, तर तालमीतल्या पैलवानाच्या मोडलेल्या कानांचे! कुस्तीत कान घासला वा दाबला गेला की कूर्चेवर रक्त साकळते व पुढे ते घट्ट होऊन कानाचा आकार बदलतो. परंतु तो झाला बाहेरचा कान. ऐकण्याचे खरे कार्य कवटीच्या हाडात दडलेल्या, गोगलगाईच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या एका इवल्या नळीत चालते.

या नळीत सुमारे १५,००० रोमपेशी असतात. ध्वनिलहरींनी त्यांचे सूक्ष्म रोम हालतात आणि तो संदेश मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूस पोहोचतो. या कामासाठी प्राणवायूचा अखंड पुरवठा हवा. आणि तो करणारी धमनी अतिशय बारीक असून तिला पर्यायी वाट नाही. रक्त अपुरे पडले की पेशींची उपासमार होते, आणि मेलेली रोमपेशी मनुष्यात पुन्हा उगवत नाही.

व्यायामाचा संबंध येतो तो येथे. नियमित व्यायामाने हृदय बळकट होते, रक्तवाहिन्या लवचीक राहतात. अमेरिकेतील अडुसष्ट हजारांहून अधिक परिचारिकांच्या दीर्घ पाहणीचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यास दोन तास वा अधिक चालणाऱ्या स्त्रियांत श्रवणदोष कमी आढळला. केवळ पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण मधुमेह व रक्तदाब यांमुळे श्रवणदोषाचा संभव वाढतो आणि व्यायाम त्या दोहोंना आवर घालतो, हे ध्यानी घेता ही गोष्ट नवल वाटण्याजोगी नाही.

दोन तास म्हणजे काही फार नव्हे. उणकल तळ्याचा काठ आहे, धारवाडात साधनकेरीचा परिसर आहे. हुबळी स्थानकावर तर २०२३ साली खुला झालेला १,५०७ मीटर लांबीचा फलाट आहे! त्यावरून एकदा जाऊन परत आले की तीन किलोमीटर भरतात (तिकीट मात्र काढावे). आठवड्यातून चार वेळा एवढे चालले तरी पुरे.

मात्र चालताना कानात यंत्र खुपसून मोठ्याने गाणी ऐकणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंतच सोसावा. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. गोंगाटाने प्रथम उंच स्वर हरपतात: ‘स’, ‘श’ ही अक्षरे पुसट होतात, तंबोऱ्याचा बारीक झंकार विरतो. सवाई गंधर्व, गंगूबाई आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या या भूमीत ती हानी थोडी नव्हे.

कानाच्या पडद्यास छिद्र असेल किंवा कान वाहत असेल, तर वैद्यकीय सल्ल्यावाचून पोहू नये. वजन उचलताना श्वास कोंडू नये. आणि एका कानाने अकस्मात ऐकू येईनासे झाले, तर तेल घालत न बसता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी दिवस गेले की उपचाराचा गुण येणे कठीण होते.