बायॉप्सीचा नमुना आणि फॉर्मेलिन

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात मृतशोधनाचा विधी सांगितला आहे. देह मुंजगवताने वेष्टून, पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात कुजू द्यावा व नंतर कुंचीने थराथराने घासून पाहावा. तेथे कोथ हेच ज्ञानाचे साधन आहे. बायॉप्सीत मात्र कोथ थांबवला तरच निदान हाती येते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे लहान शस्त्रकर्मात काढलेली गाठ पुष्कळदा नातेवाइकांच्या हाती लोकलने प्रयोगशाळेत जाते. घाईत ती सलाईनमध्ये घातल्यास पेशींचे विघटन चालूच राहते. स्पिरिटमध्ये घातल्यास नमुना आकसतो व कडक होतो. गाठ समूळ काढलेली असेल, तर दुसरा नमुना मिळत नाही आणि कर्करोग होता की नव्हता, हा प्रश्न रुग्णापाशी कायमचा राहतो.

जर्मनीतील फर्डिनंड ब्लूम यांना जंतुनाशक म्हणून फॉर्मेलिन हाताळताना आपल्या बोटांची त्वचा कडक झालेली आढळली. त्यातून १८९३ मध्ये त्याचा हा उपयोग पुढे आला. फॉर्मल्डिहाइड प्रथिनांना परस्परांशी बांधते, त्यामुळे पेशींची रचना आहे तशी टिकते.

बाजारातील तीव्र द्रावणात ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असते. त्याचा १ भाग व पाणी ९ भाग म्हणजे '१० टक्के फॉर्मेलिन'. त्यात फॉर्मल्डिहाइड सुमारे ४ टक्केच असते. एक लिटरसाठी तीव्र फॉर्मेलिन १०० मिली, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम व निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम घ्यावे. हे क्षार न घातल्यास द्रावण कालांतराने आम्ल होते व रक्तयुक्त ऊतीत काळपट कण दिसू लागतात.

द्रावण नमुन्याच्या किमान दहापट असावे. बाटली रुंद तोंडाची घ्यावी. निमुळत्या तोंडातून आत गेलेली गाठ कडक झाल्यावर बाहेर येत नाही. बाटलीवर, झाकणावर नव्हे, रुग्णाचे नाव, अवयव, बाजू व वेळ लिहावी. क्षयाच्या कल्चरसाठीचा तुकडा मात्र फॉर्मेलिनमध्ये कदापि घालू नये, कारण त्यात जंतू मरतात. तो निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा पाठवावा.

फॉर्मेलिन कर्करोगकारक आहे. ते हातमोजे घालून, हवेशीर जागी हाताळावे. उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. ते जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसारच द्यावे. औषधविक्रेत्यांनी तीव्र व तयार द्रावणाच्या बाटल्या वेगळ्या ठेवून त्यांवर ठळक चिठ्ठी लावावी.

शस्त्रकर्मास आरंभ करण्यापूर्वीच योग्य द्रावणाची बाटली टेबलाशेजारी असावी, एवढाच आमचा व्यवसायबंधूंना आग्रह आहे.