पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत!

सीईटीचा निकाल लागला, की आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश-खिडकीपाशी एक प्रसंग हमखास घडतो. कोणी पालक अर्ज पुढे करतात आणि कौतुकाने सांगतात, "सर, मुलीला नव्वद टक्के पडले!" अर्ज पाहावा, तर 'टक्के' या रकान्यात लिहिलेले असते पर्सेंटाइल. अर्ज दुरुस्त करता येतो. पण त्या आकड्याचा अर्थ मुलीलाही ठाऊक नसतो, ही खरी अडचण.

चला, एक प्रयोग करू. तुमच्या वर्गात ४० मुले आहेत असे समजा. त्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभे करा; सर्वांत बुटका पहिला, सर्वांत उंच शेवटी. सुधाचा क्रमांक ३६ वा आला. म्हणजे तिला धरून ३६ मुलांची उंची तिच्याएवढी किंवा तिच्याहून कमी आहे. ४० पैकी ३६, म्हणजे शंभरात ९०. सुधाचे पर्सेंटाइल झाले ९०. मराठीत याला शततमक म्हणतात.

आता सांगा, सुधाची उंची किती सेंटिमीटर? सांगता येणार नाही! आपल्याला कळली ती फक्त रांगेतली जागा.

सीईटीतही हेच होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या गटाची परीक्षा २०० गुणांची असते. त्यांपैकी १२० मिळाले, तर टक्के ६० झाले. पर्सेंटाइल मात्र इतरांना किती गुण पडले यावर ठरते.

मग सरळ गुणच का देत नाहीत? कारण २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. अवघड पेपरातले ११० आणि सोप्या पेपरातले १२०, यांत सरस कोणते? म्हणून प्रत्येक सत्राची रांग निराळी लावतात आणि रांगेतल्या जागांची तुलना करतात. एका सत्रात हजारो मुले असतात. त्यामुळे सर्व सत्रांतील मुलांची तयारी सरासरीने सारखीच असेल, असे यात गृहीत धरलेले असते.

पुन्हा आपल्या रांगेकडे पाहा. मधल्या मुलांच्या उंचीत फारसा फरक दिसत नाही. टोकाकडची मुले मात्र एकमेकांपासून बरीच वेगळी असतात. गुणांचेही तसेच आहे. मध्यावर चार-दोन गुण वाढले तरी पर्सेंटाइल झपाट्याने वर जाते. ९८ वरून ९९ वर जायला मात्र बरेच गुण मिळवावे लागतात. तेव्हा ५० पर्सेंटाइल म्हणजे निम्मे गुण, असे समजून कोणी हिरमुसू नये आणि ९० पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के अभ्यास पक्का, असेही मानू नये.

निकालात दशांश चिन्हापुढे सात अंक असतात. ज्ञान इतके बारकाईने मोजले जाते की काय? मुळीच नाही! सत्रात ३०,००० मुले असतील, तर रांगेतली एक जागा म्हणजे ०.००३३३३३ पर्सेंटाइल. जवळजवळच्या जागा वेगळ्या दाखवायच्या, एवढेच त्या अंकांचे काम.

उद्या तुमच्यावर अर्ज भरायची वेळ येईल, तेव्हा रकान्याचे नाव आधी वाचा. रांगेतली जागा हवी आहे की उंची, हे कळले म्हणजे आकडा चुकणार नाही. आणि रांग लावायचा प्रयोग उद्याच वर्गात करून पाहा!