माध्यमनीतीचा प्राध्यापक नेमके काय शिकवतो?

डॉक्टरने रुग्णाची माहिती चव्हाट्यावर मांडू नये आणि वकिलाने अशिलाचा विश्वासघात करू नये, हे संकेत समाजाने केव्हाच मान्य केले आहेत. ते मोडणाऱ्यावर कारवाई करण्याची व्यवस्थाही आहे. वकिलीसाठी १९६१च्या अधिवक्ता कायद्यानुसार सनद लागते, वैद्यकीसाठी नोंदणी लागते. गंभीर गैरवर्तन सिद्ध झाल्यास ती काढूनही घेता येते. पत्रकाराची गोष्ट निराळी आहे. पत्रकारितेला परवाना लागत नाही आणि तो लागू नये, हेच लोकशाहीच्या हिताचे आहे. परवाना देणारी यंत्रणा शेवटी सरकारचीच असणार आणि ज्याच्या कारभाराची चिकित्सा करायची त्याच्याच हाती लेखणीची किल्ली जाणार. मात्र या स्वातंत्र्याची एक किंमत असते. बेजबाबदार माणसाला या व्यवसायाच्या उंबरठ्यावर अडवणारे कोणी नसते. जे काही अडवायचे ते त्याच्या विवेकाने आणि शिक्षणाने. माध्यमनीती व व्यावसायिक नीतिशास्त्र यांच्या अध्यापन-संशोधनाला वाहून घेणाऱ्या प्राध्यापकाचे काम येथून सुरू होते.

उशिरा आलेला विषय

मराठीत पत्रकार आणि अध्यापक यांचे नाते जुने आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. तरीही पत्रकारितेला विद्यापीठात स्वतंत्र स्थान मिळायला आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये अमेरिकी प्राध्यापक रोलंड वोल्सली यांच्या पुढाकाराने पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा. रानडे इन्स्टिट्यूट या नावाने तो महाराष्ट्राला परिचित आहे. अशा अभ्यासक्रमांचा भर प्रामुख्याने बातमीलेखन, संपादन आणि मुद्रण या कौशल्यांवर राहिला. नीती हा विषय वृत्तपत्रविषयक कायद्यांना जोडून येई आणि अनेकदा कायद्याची कलमे पाठ करण्यातच संपून जाई.

अमेरिकेतही चित्र फार वेगळे नव्हते. मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेचे महाविद्यालय काढले. १९४७ मध्ये हचिन्स आयोगाने वृत्तपत्रांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा विचार ठळकपणे मांडला. परंतु माध्यमनीती ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून आकाराला आली ती १९८० च्या दशकात. या विषयाला वाहिलेले संशोधनपर नियतकालिक १९८५ मध्ये निघाले. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आणि वृत्तपत्रांच्या कचेरीत उमेदवारी केलेले पत्रकार हे दोन प्रवाह त्यात एकत्र आले. आजही या विषयाच्या चांगल्या अध्यापकाला दोन्ही भाषा याव्या लागतात. कांटचा कर्तव्यविचार त्याला सांगता आला पाहिजे आणि रात्री अकरा वाजता पान सोडण्याची घाई म्हणजे काय, हेही ठाऊक असले पाहिजे.

भारतात नीतीची चौकट उभी करण्यात मराठी न्यायमूर्तींचा वाटा लक्षणीय आहे. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये प्रेस कौन्सिलची शिफारस केली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या कौन्सिलचे पहिले अध्यक्ष होते न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर. आणीबाणीत हे कौन्सिल बरखास्त झाले आणि १९७८च्या कायद्याने पुन्हा अस्तित्वात आले. मात्र त्याचे अधिकार ताकीद, समज आणि निषेध यांपुरतेच मर्यादित आहेत. दंड करता येत नाही, शिक्षा देता येत नाही. कौन्सिल हे एक प्रकारे लोकलज्जेचे न्यायालय आहे. आणि लाज वाटण्यासाठी आधी चूक ओळखता यावी लागते. ती ओळखायला शिकवणे, हेच वर्गातले काम.

वर्गात काय घडते?

नीतीचा तास म्हणजे सुविचारांची उजळणी, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात हा विषय प्रकरणांच्या आधारे शिकवला जातो. मराठी विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखे सर्वांत जुने आणि आजही ताजे प्रकरण १८८२ चे आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र अस्वस्थ होता. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी संस्थानचे कारभारी बर्वे यांच्यावर आरोप केले आणि त्यासाठी हाती आलेल्या पत्रांचा आधार घेतला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

या प्रकरणाकडे आपण एरवी त्यागाची कथा म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. नीतीच्या वर्गात मात्र प्रश्न वेगळे विचारले जातात. हेतू शुद्ध होता, याविषयी कोणाला शंका नाही. पण पत्रे खरी असल्याची खातरजमा कोणी, कशी केली? ज्यांच्यावर आरोप होता त्यांची बाजू छापण्यापूर्वी घेतली गेली का? सद्हेतू हा पडताळणीला पर्याय ठरू शकतो का? टिळक-आगरकरांसारख्या माणसांनाही हातात पडलेला कागद चकवू शकतो, हे एकदा मनावर ठसले की मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीकडे पाहण्याची विद्यार्थ्याची नजर बदलते. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला आवाज किंवा चेहरा हे त्या बनावट पत्रांचेच आजचे रूप आहे.

निर्णयाची शिस्त लागावी म्हणून काही साधने वापरली जातात. हार्वर्डचे राल्फ पॉटर यांनी मांडलेली चौकट त्यांपैकी एक. तिचे टप्पे चार : वस्तुस्थिती काय आहे, कोणती मूल्ये पणाला लागली आहेत, कोणते तत्त्व लागू पडते आणि आपली निष्ठा कोणाशी आहे. चौथा प्रश्न सर्वांत अवघड. वाचक, मालक, सहकारी, बातमीतला माणूस आणि स्वतःचे पोट या साऱ्यांशी पत्रकाराची काही ना काही बांधीलकी असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी वाहिन्यांनी कमांडो कारवाईचे थेट प्रक्षेपण केले. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्या दिवशी कॅमेऱ्यामागच्या माणसाची निष्ठा कोणाशी असायला हवी होती, या प्रश्नावर एक संपूर्ण तास सहज खर्ची पडतो.

कायदा आणि नीती यांतला फरकही येथेच स्पष्ट करावा लागतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये डिजिटल माध्यमांसाठी नियम करून त्यांत आचारसंहितेचे पालन बंधनकारक केले. ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे आणि एका वृत्तसंकेतस्थळाच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. आचारसंहिता चांगली असू शकते. पण ती सरकारी बडग्याने लादली की तिची नीती उरत नाही, तिचा हुकूम होतो. हे अंतर समजणारा पत्रकार नियमांना भीत नाही आणि स्वैरही होत नाही.

श्रीरामपूरच्या आरशात

या विषयावरची बहुतेक पुस्तके महानगरातला बातमीदार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. त्यांतली तत्त्वे श्रीरामपूरसारख्या गावात आणली की त्यांची खरी कसोटी लागते. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे, उसाच्या आणि बाजारपेठेच्या बळावर वाढलेले हे तालुक्याचे शहर. अशा गावात साखर कारखाना, बाजार समिती, नगरपालिका, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था हेच बातमीचे विषय असतात आणि तेच जाहिरातदारही असतात. तालुका वार्ताहराला अनेकदा नियमित वेतन नसते. जाहिरातींवरील कमिशन हा त्याच्या मिळकतीचा मोठा भाग असतो. ज्याच्या वाढदिवसाची जाहिरात सकाळी मागायची, त्याच्या गैरकारभाराची बातमी संध्याकाळी कशी द्यायची? हितसंबंधांचा संघर्ष ही पुस्तकातली व्याख्या त्याच्या घरखर्चात येऊन बसते.

महाराष्ट्राने याचे ढळढळीत रूप २००९च्या विधानसभा निवडणुकीत पाहिले. उमेदवारांचा प्रचार बातमीच्या वेषात छापला जात असल्याचे पी. साईनाथ यांनी उघड केले आणि 'पेड न्यूज' हा शब्द रूढ झाला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल तयार केला. तो संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध व्हायला मात्र २०११ साल उजाडले आणि त्यासाठी केंद्रीय माहिती आयोगाला हस्तक्षेप करावा लागला. या प्रकरणाचा धडा असा, की नीतीचा सारा भार एकट्या बातमीदाराच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे. वेतन न देणारी व्यवस्था प्रामाणिकपणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार, हाही नीतिशास्त्राचाच प्रश्न आहे.

लहान गावाचा दुसरा प्रश्न ओळखीचा. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई आहे. भारतीय न्याय संहितेत ती कलम ७२ मध्ये आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायदा नावाबरोबरच पत्ता, कुटुंब, शाळा आणि परिसर यांचाही तपशील देऊ देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही मर्यादा आणखी स्पष्ट केली. मोठ्या शहरात नाव गाळले की ओळख बहुधा झाकली जाते. वाडीवस्तीवर मात्र 'अमुक गावातील नववीत शिकणारी मुलगी' एवढे म्हटले तरी साऱ्या पंचक्रोशीला कळते. सोनई (२०१३), खर्डा (२०१४) आणि कोपर्डी (२०१६) येथील घटनांनी नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, राज्यभर चर्चेत राहिला. अशा वेळी जातीचा उल्लेख कधी सत्य सांगण्यासाठी अपरिहार्य असतो आणि कधी तो आगीत तेल ओततो, याचा निवाडा काही मिनिटांत करावा लागतो. त्याचा सराव आधी वर्गात झालेला असेल, तर तो निवाडा बरा होण्याची शक्यता वाढते.

संशोधकाची कोंडी

या विषयात संशोधन करणाऱ्यालाही हीच कोंडी भोगावी लागते. बातम्यांचे आशयविश्लेषण करणे त्या मानाने सोपे. निवडणुकीच्या काळातले अंक मांडून कोणत्या मजकुराला बातमीचे आणि कोणत्या मजकुराला जाहिरातीचे गुण आहेत, हे मोजता येते. पण तो मजकूर आला कसा, हे जाणण्यासाठी वार्ताहरांना बोलते करावे लागते. एखाद्या तालुक्यात प्रमुख दैनिकांचे मोजकेच प्रतिनिधी असतील, तर प्रबंधात 'एका वार्ताहराने सांगितले' असे लिहिले तरी तो कोण हे संपादकाला सहज कळेल आणि त्याचे काम जाईल. म्हणजे पीडितेची ओळख झाकण्याचा जो नियम संशोधक पत्रकाराला शिकवतो, तोच त्याने स्वतःलाही लावला पाहिजे. तालुक्याचे नाव गाळणे, अनेकांचे अनुभव एकत्र मांडणे, प्रसंगी एखादा बोलका तपशील सोडून देणे, असे मार्ग त्याला शोधावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९च्या अखेरीस पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, तो याच जाणिवेतून.

कारकिर्दीची वाटही सरळ नाही. पदव्युत्तर पदवी, मग नेट किंवा सेट, पीएच.डी. आणि त्यानंतर बराच काळ तासिका तत्त्वावरील अध्यापन, हा अनेकांचा अनुभव आहे. शिवाय पत्रकारितेच्या विभागाला विद्यार्थ्यांच्या उमेदवारीसाठी आणि नोकऱ्यांसाठी वृत्तपत्रांशी सख्य ठेवावे लागते. त्याच वृत्तपत्रांची चिकित्सा करणारा प्राध्यापक विभागात नेहमीच लोकप्रिय असतो असे नाही. निष्ठेचा प्रश्न त्यालाही सुटत नाही.

तरीही हे काम महानगरांपुरते ठेवून चालणार नाही. याच जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक कित्येक दशके चालवले. १९१० मध्ये सुरू झालेल्या या पत्राने शेतकऱ्यांचे आणि बहुजनांचे प्रश्न गावातूनच मांडले. अहिल्यानगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयातील संज्ञापन अभ्यास विभागाने नागराज मंजुळे यांच्यासारखा दिग्दर्शक घडवला. गुणवत्ता ग्रामीण भागात आहेच. तिथल्या वार्ताहरासाठी मराठीतून, त्याच्याच तालुक्यातली प्रकरणे घेऊन घडवलेले नीतिशिक्षण मात्र अजून फारसे दिसत नाही. बातमी सर्वप्रथम जिथे उगवते, तिथेच तिची पारख करणारा माणूस तयार करणे, हे या विद्याशाखेपुढचे खरे काम आहे. त्यासाठी लागणारी पुस्तके, प्रकरणसंग्रह आणि अध्यापक उभे करण्याची जबाबदारी विद्यापीठांइतकीच वृत्तपत्रांच्या मालकांवरही येते.