आधी ‘डा’, मग ‘पाणी’



मेळघाटातील पाच-सहा वर्षांचे कोरकू मूल पहिल्यांदा मराठी वर्गात येते, तेव्हा दिवसच्या दिवस गप्प बसते. घरी तेच मूल आईशी हट्ट करते, धाकट्या भावाला खेळवते, शेळ्यांना हाका मारते. वर्गात मात्र पोट दुखले तरी सांगत नाही. ते सांगायला लागणारा शब्दच त्याच्याजवळ नसतो. पाहणाऱ्याला वाटते, मूल मंद आहे. पण मूल हुशार आहे. त्याचे शब्द घरी राहिले आहेत.

कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा भाषाकुळातील असून संताळी आणि मुंडारी तिच्या बहिणी आहेत. पाण्याला कोरकूत ‘डा’ म्हणतात. त्यामुळे मराठी शब्द नुसते कानावर पडून मुलाला उमगत नाहीत. ते शिकवावे लागतात. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे आपल्या राज्यघटनेच्या कलम ३५० अ मध्ये १९५६ पासून सांगितले आहे. प्रत्यक्षात ही जबाबदारी बऱ्याचदा बालवाडीताईवर येते.

मग सुरुवात कोणत्या शब्दांनी करावी? फळांची आणि रंगांची नावे थोडी थांबू शकतात. आधी गरजेचे शब्द हवेत: पाणी, भूक, दुखते, शी-शू, भीती वाटते. त्याबरोबरच ‘नको’ आणि ‘मला समजले नाही’ हेही शिकवावे. ज्याला ‘नको’ म्हणता येते, ते मूल अधिक सुरक्षित असते.

शब्द वस्तूसोबत द्यावा. ताई पेला हातात देते, आधी ‘डा’ म्हणते, मग ‘पाणी’. मुलाने ‘डा’ म्हटले तरी पाणी मिळते. ओळखीच्या शब्दाला मान मिळाला की नव्या शब्दाची भीती जाते. मूल एक शब्द बोलले की ताईने त्यात एकच शब्द वाढवावा: ‘पाणी’, मग ‘पाणी दे’, मग ‘मला पाणी दे’. चुकले तर रागावू नये. बरोबर वाक्य आपणच सहज म्हणावे. ‘ये’, ‘बस’, ‘उडी मार’ अशी क्रियापदे खेळातून लवकर येतात. चित्रेही मोहाची, कुटकीची, बैलाची असावीत; न पाहिलेल्या वस्तूचे नाव मनात रुजत नाही.

आणि धीर धरावा. मूल बोलण्याआधी कितीतरी दिवस नुसते ऐकत असते. तो काळ वाया जात नाही.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत देशोदेशींचे लोक जमले होते. आधी आमची भाषा शिकून या, असे त्यांना कोणी सांगितले नाही; प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. देव माणसाच्या भाषेपर्यंत चालत आला. मुलापर्यंत जाताना आपणही तीच वाट धरावी.

आपल्यापैकी जे या मुलांना भेटायला जातील, त्यांनी खाऊसोबत चार कोरकू शब्द शिकून न्यावेत. वर्गात गप्प बसलेल्या प्रत्येक मुलासाठी आणि त्याच्याशेजारी धीराने बसणाऱ्या ताईसाठी आपल्या मंडळीत अवश्य प्रार्थना करावी.