नळदुर्ग, सोलापूर आणि इंजिनाचे सुटे भाग

नळदुर्ग म्हटलं की बोरी नदीवरचा पाणीमहाल आठवतो. उद्योगाचा विषय निघाला, की मोटारीचा मोठा कारखाना इकडे कधी येणार एवढंच विचारलं जातं. ही वाट पाहणं सोडून द्यावं, असं मला ठामपणे वाटतं. मोटार कंपनीत मुख्यतः जुळणी होते. इंजिनाचे कितीतरी भाग बाहेरचे पुरवठादार करून देतात, आणि त्यांना मोटार कंपनीचा शेजार लागतोच असं नाही. याचा पुरावा पन्नासेक किलोमीटरवर सोलापुरात आहे. 1877 च्या जुन्या गिरणीपासून सूतगिरण्यांवर जगलेल्या या शहरात मोटारीचा कारखाना नव्हता आणि नाही. तरीही यतीन शहा यांनी 1992 मध्ये तिथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू केली आणि तिचा माल जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती सुझुकी यांच्या इंजिनांत गेला. किर्लोस्कर फेरसच्या सोलापुरातल्या फाउंड्रीत इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड ओतले जातात.

हे साधलं ते धातूच्या कसबामुळे. इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांनी चालू असेल, तर व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. व्हॉल्व्ह उचलणारा उंचवटा, म्हणजे लोब, झिजता कामा नये; बाकीचा दांडा मात्र यंत्रावर कापता येईल इतका मऊ हवा. त्यासाठी वाळूच्या साच्यात लोबच्या जागी लोखंडी चिल बसवतात. रस ओतला की चिलजवळचं बीड झटकन थंड होऊन पांढरं, कठीण होतं. उरलेलं सावकाश निवून करडं राहतं. पुढे ग्राइंडिंगमध्ये मायक्रॉनचा हिशेब असतो. एकाच ओतीत दोन स्वभावांचा धातू मिळवणं ही मोठी विद्या आहे, आणि गिरणीतल्या सूतकताईत ती शिकायला मिळत नव्हती. ती नव्याने शिकावी लागली. म्हणूनच नळदुर्गला कारखानदारीची परंपरा नाही, हा आक्षेप मला पटत नाही. भट्टीचं भांडवल आणि वीज लहान गावाला जड जाईल, हे खरं. पण पॅटर्न, गेज, फिक्श्चर, सुट्या भागांचं यंत्रकाम यांना भट्टी लागत नाही. पाणीही बेताचंच लागतं, आणि धाराशिव जिल्ह्यात ही मोठी गोष्ट आहे.

खरा आक्षेप विजेच्या गाड्यांचा आहे. त्यांत कॅमशाफ्ट नाही, पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. एकाच भागावर सगळं बेतणाऱ्याला हा धोका आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. प्रिसिजननेही 2018 मध्ये नेदरलँड्सच्या इमॉस या विजेची वाहनं करणाऱ्या कंपनीत गुंतवणूक केली. पण हायब्रिड गाड्यांत इंजिन असतंच, आणि ट्रॅक्टर, मालट्रक, जनित्रं यांतलं डिझेल इंजिन एका रात्रीत जाणार नाही. शिवाय मोटरच्या शाफ्टलाही अचूक ग्राइंडिंग लागतं, गिअरलाही लागतं. भाग बदलला तरी मोजणारा हात बेकार होत नाही. तेव्हा नळदुर्गकरांनी लोकप्रतिनिधींकडे मागायचंच असेल, तर आयटीआयच्या मुलांसाठी चांगली मापनशाळा, सीएनसी यंत्रं आणि सोलापूरच्या कारखान्यांत पगारी उमेदवारी मागावी.